सत्तरीनंतर किती दाखले?

वाद जुना आहे आणि कुठल्या ना कुठल्या देशात तो पुन्हा पुन्हा पेटतो. सरकारी पैशातून म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी करायचे ठरते, काही वर्षांत खजिन्यावर ताण येतो, आणि मग कुणीतरी म्हणते, यादी एकदा तपासून घेऊ, खरी गरज आहे त्यांनाच ठेवू. ऐकायला यात वावगे काही नाही. भारताने ११ सप्टेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळात निर्णय घेऊन आणि २९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, प्रत्यक्ष सुरुवात करून आयुष्मान भारत योजनेचे दार सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला उघडले. उत्पन्न विचारायचे नाही, फक्त वय पाहायचे. साडेचार कोटी कुटुंबांतले सहा कोटी वृद्ध, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयाचा खर्च, आणि हातात वय वंदना कार्ड, असा हा पसारा आहे. आयर्लंडने हीच सत्तरीची रेघ आणि उत्पन्न न विचारण्याचा हाच नियम १ जुलै २००१ पासून लागू केला होता. सात वर्षांनी त्याने तो मागे घेतला. आपल्याकडे फेरतपासणीची भाषा अजून कुणी मोठ्याने बोललेली नाही, पण पहिला आर्थिक ताण येईल तेव्हा ती बोलली जाईल. म्हणून हा वाद आत्ताच, आयर्लंडच्या साक्षीने मांडून घेतलेला बरा. पूर्वपक्ष हिशेब सांभाळणाऱ्या माणसाचा आहे. त्याला मी दुबळा केलेला नाही, कारण त्याचे काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत.

पूर्वपक्ष : सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा तरी घाम असतो. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला पंचविशीतला मुलगा साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर जीएसटी भरतो. त्या पैशातून नावाजलेल्या वकिलाचा, सराफाचा, कोथरूडला तीन फ्लॅट भाड्याने दिलेल्या गृहस्थाचा गुडघा बदलून द्यायचा, याला तुम्ही न्याय म्हणता? उत्पन्नाची अट घालण्यात म्हाताऱ्यांचा अपमान कुठे आला? गरजू आणि बिनगरजू वेगळे काढणे हे कुठल्याही मदतीचे पहिले काम आहे. आणि एकदा अट घातली की ती अधूनमधून तपासावीही लागणार. माणसाची परिस्थिती बदलते, जमीन विकली जाते, वारसा हाती येतो, मुलगी परदेशातून पैसे पाठवू लागते. पाच वर्षांपूर्वीचा उत्पन्नाचा दाखला आजही खरा असेल, असे धरून चालणे म्हणजे कारभार ढिला सोडणे.

उत्तर : तीन फ्लॅटवाल्या गृहस्थाने अधिक वाटा उचलावा, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. मतभेद आहे तो हा वाटा कुठे वसूल करायचा याबद्दल. त्याच्याकडून आयकरात, घरपट्टीत, भाड्याच्या उत्पन्नावर, फ्लॅट विकताना होणाऱ्या नफ्यावर दरवर्षी पैसे घेता येतात, तो धडधाकट असतानाही घेता येतात. ही यंत्रणा सरकारकडे आहे आणि तिच्यात श्रीमंताकडेच बघितले जाते. पात्रतेची अट मात्र तो आजारी पडतो त्या दिवशी लागू होते. शिवाय त्याला बाजूला काढण्यासाठी त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या सगळ्यांनाच चाळणीतून जावे लागते. शंभरांतले पाच-दहा सधन शोधायचे म्हणून उरलेल्या नव्वद-पंच्याण्णवांनी तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा दाखला, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि सेतू केंद्रावरची रांग सोसायची. या चाळणीचा खर्च सरकारच्या वहीत जेमतेम दिसतो, कारण त्यातला मोठा भाग त्या नव्वदांच्या अंगावर पडतो. गृहस्थाचे तर काहीच बिघडत नाही. त्याच्याकडे खासगी विमा असतो आणि कागद जमवून देणारा सीएही असतो.

आयर्लंडमध्ये काय झाले ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. तिथे मेडिकल कार्ड असलेल्याला घराजवळचा डॉक्टर फुकट, सरकारी रुग्णालय फुकट आणि त्या काळी औषधेही फुकट होती. कार्ड नसलेल्याला डॉक्टरच्या एका भेटीला साधारण ५० युरो पडत. डिसेंबर २००० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी सत्तरीपुढच्या सर्वांना कार्ड जाहीर केले. नव्याने पात्र होणारे सुमारे ३९ हजार निघतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात ते त्याच्या दीडपटीहून अधिक निघाले. म्हणजे सरकारला स्वतःच्या देशातले म्हातारे नीट मोजता आले नव्हते. त्याहून मोठी चूक डॉक्टरांच्या संघटनेशी झालेल्या सौद्यात होती. केवळ वयामुळे कार्ड मिळालेल्या, म्हणजे तुलनेने सधन असलेल्या प्रत्येक वृद्धामागे डॉक्टरला वर्षाला मिळणारी रक्कम २००८ पर्यंत ६४० युरोंवर गेली होती. उत्पन्नाच्या निकषावर कार्ड मिळालेल्या त्याच वयाच्या गरीब माणसामागे मिळे ती सुमारे पाव रक्कम. सधन म्हातारा गरीब म्हाताऱ्यापेक्षा चौपट आजारी असतो असे कुठलेही वैद्यकशास्त्र सांगत नाही. घोषणा आधी झाली, दर नंतर ठरला, आणि घाईत असलेल्या सरकारने मागितली ती किंमत मोजली. खर्च फुगला तो असा.

मग २००८ साल आले. २९ सप्टेंबरच्या रात्री आयरिश सरकारने सहा बँकांच्या देण्यांची हमी घेतली. पंधरवड्याने, १४ ऑक्टोबरला, अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्यात सत्तरीपुढच्यांचे वयावर मिळणारे कार्ड रद्द केले. अपेक्षित बचत होती १० कोटी युरोंची. पहिल्या प्रस्तावातली मर्यादा इतकी खाली होती की बऱ्यापैकी पेन्शन असलेला सामान्य माणूसही बाहेर पडला असता. पुढच्या आठवड्यात जे घडले ते त्या देशात फारसे कुणी पाहिलेले नव्हते. सत्ताधारी फियना फॉल पक्षाचे खासदार जो बेहन यांनी पक्ष सोडला. डब्लिनच्या वेस्टलँड रो भागातल्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये सभा बोलावली होती, तिथे खचाखच भरलेल्या म्हाताऱ्या श्रोत्यांनी राज्यमंत्र्यांना बोलू दिले नाही. २२ ऑक्टोबरला सुमारे १५ हजार वृद्ध लीन्स्टर हाउस या संसद भवनाबाहेर जमले, काठ्या घेऊन, काही व्हीलचेअरवर. सरकारने आदल्याच दिवशी माघार घेतली होती. एकट्या माणसासाठी आठवड्याला ७०० युरो आणि जोडप्यासाठी १,४०० युरो अशी नवी, बरीच वरची मर्यादा पंतप्रधान ब्रायन काउअन यांनी जाहीर केली होती आणि ९५ टक्के वृद्धांचे कार्ड शाबूत राहील असे सांगितले होते. तरीही ते जमले.

पूर्वपक्ष : तुम्ही सांगितलेली हकिगत माझीच बाजू बळकट करते. देश बुडायच्या बेतात असताना वरच्या पाच टक्क्यांना बाजूला काढले, खालच्या ९५ टक्क्यांना हात लावला नाही. याहून समंजस फेरतपासणी कोणती असू शकते? दराचे म्हणाल तर तोही सुधारला. एडी सलिव्हन या माजी सनदी अधिकाऱ्याकडे काम सोपवले आणि सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी २९० युरो हा एकच दर ठरला. पण एकच दर म्हणजे गरीब वृद्धांमागचा दर वाढलाच की. दर बदलून दहा कोटी उभे राहिले नसते, माणसे कमी करावी लागलीच असती. आणि १५ हजार लोक रस्त्यावर आले म्हणून त्यांची मागणी न्याय्य ठरत नाही. म्हातारे मतदानाला आवर्जून जातात, सरकार त्यांना घाबरते. ज्यांच्या मागे मते नाहीत त्या लहान मुलांचे पैसे मात्र कुणी ओरडल्याशिवाय कापले जातात.

उत्तर : शेवटचा मुद्दा खरा आहे. म्हाताऱ्यांचा आवाज मोठा आणि लहान मुलांचा नाही, हे कुठल्याही लोकशाहीत घडते. पण त्यावरचा उपाय म्हाताऱ्यांचा आवाज बारीक करणे हा होऊ शकत नाही. दराच्या बाबतीतही तुम्ही म्हणता ते अंशतः मान्य. एक दर केल्याने सगळी तूट भरून निघाली नसती. मात्र आधी लोकांना काढायचे आणि मग दराकडे वळायचे, हा क्रमच मला आक्षेपार्ह वाटतो. सौदा सरकारने केला, डॉक्टरांनी केला. कार्डधारक त्या खोलीत नव्हता. तरी पहिली नोटीस त्याला.

आता त्या ९५ टक्क्यांकडे वळू. तुमच्या युक्तिवादाचा सगळा भार या आकड्यावर आहे आणि तो आकडा टिकला नाही. एप्रिल २०१३ पासून एकट्या माणसासाठीची मर्यादा ७०० वरून ६०० युरो झाली, जोडप्यासाठी १,४०० वरून १,२०० युरो. १ जानेवारी २०१४ पासून ती अनुक्रमे ५०० आणि ९०० युरो झाली. पाच वर्षांत जोडप्याची मर्यादा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खाली आली. या वेळी २००८ सारखा मोर्चा निघाला नाही, आणि तो का निघाला नाही हे समजून घ्यायला हवे. सगळ्या सत्तरीपुढच्यांचा हक्क एकदम काढला तेव्हा सधन आणि गरीब एका रस्त्यावर उभे होते, निवृत्त प्राध्यापिका आणि निवृत्त बसचालक शेजारी शेजारी. मर्यादा एकदा लिहिली गेली की प्रत्येक वेळी फक्त एक पातळ थर कापला जातो. ६५० युरोवाल्याचे कार्ड जाते तेव्हा ४०० युरोवाला गप्प बसतो, कारण त्याला धक्का लागलेला नसतो. ज्याचे जाते त्यालाही वाटते की आपण बहुधा खरेच वरच्या थरातले असू. उत्पन्नाची अट घालताना सरकार जे सांगते ते त्या दिवसापुरते खरे असते. पुढच्या वर्षी त्या रेघेला खाली सरकवायला अर्थसंकल्पातली एक ओळ पुरते. म्हणून सर्वांना मिळणारा हक्क आणि ९५ टक्क्यांना मिळणारा हक्क यांत पाच टक्क्यांचा फरक आहे असे मला वाटत नाही. दुसऱ्याला राखणदार नसतो.

आणि हे सगळे करून देश पोचला कुठे? ऑगस्ट २०१५ मध्ये आयर्लंडने सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, पुन्हा उत्पन्न न विचारता, डॉक्टरची भेट फुकट केली. पूर्ण मेडिकल कार्ड परत दिले नाही, पण त्याचा सर्वांत जास्त वापरला जाणारा भाग दिला. २०२० मध्ये पूर्ण कार्डाच्या मर्यादाही थोड्या वर नेल्या. ज्या प्रश्नाला १० कोटी युरोंची घाई होती, त्याचे उत्तर सात वर्षांत अर्धे मागे फिरले होते.

पूर्वपक्ष : मर्यादा कुठे असावी हा राजकारणाचा प्रश्न झाला. मी साधी गोष्ट विचारतो. मर्यादा काहीही असो, यादीत नाव असलेला माणूस त्या मर्यादेत बसतो की नाही हे बघायचे की नाही? मयताच्या नावाचे कार्ड चालू राहते, एकाच माणसाची दोन कार्डे निघतात, बनावट नावे घुसतात. तुमच्या सहृदयतेचा फायदा सर्वांत आधी चोर घेतो.

उत्तर : ही हरकत मी पूर्ण मान्य करतो आणि तिथूनच पुढे जातो. तपासणी हवी. फक्त ती कशाची, कोणाची आणि कोणाच्या खर्चाने, हे वेगळे काढले पाहिजे. माणूस जिवंत आहे का, तो तोच आहे का, त्याचे वय ते आहे का, ही एक तपासणी. तो पुरेसा गरीब आहे का, पुरेसा आजारी आहे का, ही दुसरी. पहिली सरकारने आपल्या कचेरीत बसून करावी. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत होतेच, ती योजनेच्या यादीशी जुळवायला म्हाताऱ्याला बोलवायची गरज नाही. दुसऱ्या तपासणीत मात्र पुरावा द्यायचे ओझे त्या माणसावर येते, आणि ते त्याला दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा उचलावे लागते, वय वाढलेले असते, दृष्टी गेलेली असते, कधी आठवणही.

आयर्लंडमध्ये या दुसऱ्या तपासणीचाही अनुभव आहे. उत्पन्न मर्यादेबाहेर असले तरी गंभीर आजारामुळे खास अधिकारात दिलेली कार्डे तिथे होती. २०११ पासून अर्जांचे काम एका केंद्रीय कार्यालयात एकवटले. पूर्वी स्थानिक अधिकारी माणसाला ओळखत असे, आता फाइल बोलू लागली. २०१४ च्या अर्थसंकल्पात मेडिकल कार्डांच्या पडताळणीतून ११ कोटी ३० लाख युरो वाचवायचे असे लक्ष्य आधीच लिहून ठेवले होते. हे बारकाईने बघा. तपासणीआधीच तिचा निकाल रकमेत ठरला होता. मग कधीही बऱ्या न होणाऱ्या व्याधी असलेल्यांनाही, मुलांना आणि मोठ्यांना, आजार अजून आहे का असे विचारणारी पत्रे गेली. २३ मे २०१४ च्या स्थानिक निवडणुकांत सत्ताधाऱ्यांना फटका बसला, त्याच महिन्याच्या शेवटी ही फेरतपासणी थांबवली, आणि जून महिन्यात सुमारे १५,३०० जणांना कार्डे परत देण्याचा निर्णय झाला. पुढे तज्ज्ञांच्या समितीला विचारले की कोणत्या आजारांना कार्ड द्यावे याची क्रमवार यादी करता येईल का. अशी यादी करणे शक्यही नाही आणि इष्टही नाही, असे समितीने सांगितले. आजार आणि त्याचे ओझे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच नावाचा विकार असलेल्या दोन माणसांत एकाला जिना चढता येतो, दुसऱ्याला अंथरुणातून उठवायला दोघे लागतात.

पूर्वपक्ष : ती कागदी पत्रांची गोष्ट झाली. आपल्याकडे आधार आहे. अंगठा लावला की संपले.

उत्तर : अंगठा लागला तर. आयुष्यभर भातलावणी, धुणीभांडी, वीटभट्टी केलेल्या हातांवरच्या रेषा सत्तरीपर्यंत झिजलेल्या असतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर तो अंगठा चार वेळा पुसून, ओला करून, दाबून लावला तरी उमटत नाही, हे गावोगावचे चित्र आहे. हयातीच्या दाखल्याच्या बाबतीत केंद्र सरकारलाही हे उमगले. २०१४ मध्ये जीवन प्रमाण सुरू झाले, पण २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय जोडावी लागली. आधारवरची जन्मतारीखही पुष्कळ वृद्धांच्या बाबतीत अंदाजाने पडलेली आहे. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, शिबिरात बसलेल्या मुलाने चेहरा पाहून साल लिहिले. कागदावर ६८ वर्षांची असलेली बाई प्रत्यक्षात ७४ ची असू शकते, आणि वय वंदना कार्ड तिला मिळत नाही. तंत्राने तपासणी स्वस्त होते ती सरकारला. चूक झाली तर ती दुरुस्त करायला जाणे-येणे म्हाताऱ्यालाच करावे लागते.

अमेरिकेचा दाखला याहून मोठा आहे. तिथल्या मेडिकेड योजनेत करोनाकाळात कुणालाही यादीतून काढायचे नाही असा नियम होता. तो ३१ मार्च २०२३ ला संपला आणि राज्यांनी सगळ्यांची पात्रता पुन्हा तपासली. अडीच कोटींहून अधिक लोकांचे संरक्षण गेले, आणि त्यांतल्या दहापैकी सुमारे सात जणांचे गेले ते कागदोपत्री कारणांनी. अर्ज परत आला नाही, पत्ता बदलला होता, मुदत टळली. म्हणजे ते अपात्र ठरले होते असे नव्हे, त्यांची पात्रता कुणी पाहिलीच नव्हती. यात सर्व वयांचे लोक होते. पण ज्याला पत्र वाचून दाखवायला शेजारच्याची वाट बघावी लागते, त्याची मुदत आधी टळणार हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

राहिला चोर. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये आयुष्मान भारतवरचा अहवाल संसदेत ठेवला. जवळजवळ साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल क्रमांक, दहाही आकडे ९, असा लिहिलेला सापडला. आधीच्या उपचारात मरण पावल्याचे दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे पुढे पुन्हा उपचार झाले आणि त्यांपोटी सुमारे सात कोटी रुपये दिले गेले. सरकारने खुलासा केला की मोबाइल क्रमांकावर पात्रता ठरत नाही. तो खुलासा धरून चालू. पण मेलेल्या माणसाच्या नावे बिल कोण लावतो? तो माणूस तर नक्कीच नाही. बिल रुग्णालयातून येते आणि कुणीतरी मंजूर करते. लबाडीची मोठी जागा दाव्यांच्या टेबलावर आहे, जिथे रक्कम मोठी, माणसे थोडी आणि प्रत्येक कागद संगणकात आहे. तिथे शंभर दावे उघडून पाहिले तर जे हाती लागेल, ते लाखभर म्हाताऱ्यांना तहसीलच्या बाकावर बसवून लागणार नाही.

पूर्वपक्ष : बरे, मग एक वेगळा प्रश्न, जो तुम्हाला सोपा जाणार नाही. गरीब माणूस सत्तरी पाहतो का? भारताचे सरासरी आयुर्मान २०१६–२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे ७० वर्षे आहे. सधन अधिक जगतो, मजूर आधी जातो. वयाची रेघ ओढून तुम्ही जे दिले ते मुख्यतः जगू शकलेल्यांना दिले. उत्पन्नाची अट निदान गरिबाकडे बघते, वय तर बघतही नाही.

उत्तर : हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि त्याचे पूर्ण खंडन माझ्याकडे नाही. सरासरी आयुर्मानात बालमृत्यूही मोजले जातात, त्यामुळे साठी गाठलेला माणूस त्या आकड्याच्या बराच पुढे जाऊ शकतो. तरीही तुमचा मूळ मुद्दा उभाच राहतो. ऊसतोडणी करणारी बाई पंचावन्नाव्या वर्षीच म्हातारी झालेली असते. पण यातून निष्कर्ष काय निघतो? बहात्तराव्या वर्षीच्या कुणाचे कार्ड काढून घेतल्याने पंचावन्नाव्या वर्षीच्या बाईला काही मिळत नाही. तिला मिळायचे तर रेघ खाली आणावी लागेल, किंवा वयाची रेघच पुसावी लागेल. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्याच दिशेचे पाऊल टाकले आहे. जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी, शुभ्र असा भेद न करता राज्यातल्या सर्व कुटुंबांना आत घेतले आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख केली. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत, यादीतले रुग्णालय जवळ असतेच असे नाही, पण दिशा बरोबर आहे. अन्यायाची दुरुस्ती दार रुंद करून होते.

पूर्वपक्ष : आणि पैसे? २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे सुमारे १० कोटी होते. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक साठीपुढचा असेल असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. आज उदार झालेले सरकार तेव्हा कुठून देणार?

उत्तर : आज दिले ते कायमचे, त्याला कुणी हातच लावू नये, असे मी म्हणत नाही. खर्चाचा फेरविचार सरकारला करावाच लागेल. तो उघडपणे, विधिमंडळात, सगळ्यांना एकदम लागू होईल अशा रीतीने करावा. उपचारांचे दर, रुग्णालयांची निवड, कर, योजनेत काय बसते आणि काय नाही, हे सगळे चर्चेला घ्या. त्यातल्या शेवटच्या गोष्टीत तर बचतीची जागा दिसते. २०१७–१८ च्या राष्ट्रीय वृद्धत्व पाहणीत (‘लासी’ म्हणून ती ओळखली जाते) साठीपुढच्या पुष्कळ जणांना किमान एक जुना आजार आढळला. त्यांना लागते ती रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. आयुष्मान भारत मात्र रुग्णालयात दाखल झाल्यावर सुरू होते, त्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच काळ तिच्यात धरला जातो. परवडत नाही म्हणून गोळी सुटलेला माणूस उद्या अर्धांगवायू होऊन अतिदक्षता विभागात येतो, आणि तेव्हा सरकार लाख रुपये देते. म्हाताऱ्याची पात्रता तपासण्यावर खर्च होणारी मेहनत प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी महिनाभर न संपता मिळेल एवढ्यावर लावली, तर २०५० च्या हिशेबाला तिचा उपयोग अधिक होईल.

पूर्वपक्ष : थोडक्यात, फेरतपासणी नकोच.

उत्तर : हवी, पण उलट्या बाजूने. आजवरच्या सगळ्या फेरतपासण्या एकच प्रश्न विचारत आल्या, की यादीत असलेल्यांपैकी कोण नको. माझ्या मते विचारायला हवा तो दुसरा प्रश्न, की यादीत नसलेल्यांपैकी कोण हवे होते. सत्तरीपुढची किती माणसे आपल्या तालुक्यात आहेत आणि त्यांतल्या किती जणांकडे कार्ड नाही, हे मतदार यादी, रेशनची यादी आणि योजनेची यादी शेजारी ठेवली की कळते. ज्यांची नावे निघतील त्यांच्याकडे सरकारने जावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या मतदारांची मते घेण्यासाठी कर्मचारी, पोलीस आणि मतपेटी त्यांच्या घरापर्यंत गेली. पोस्टमन हयातीचा दाखला दारात येऊन करून देऊ शकतो. आशाताई तर गावातले प्रत्येक घर ओळखते. तिच्या हातात ती यादी आणि चेहरा टिपणारा मोबाइल द्या, या कामाचा वेगळा मोबदला तिला द्या, आणि ज्याची जन्मतारीख चुकलेली आहे त्याचा जबाब घेऊन ती दुरुस्त करण्याचा अधिकार गावपातळीवरच्या अधिकाऱ्याला द्या. हे काम एकदा पूर्ण झाल्यावर वरच्या पाच टक्क्यांचे काय करायचे याची चर्चा माझ्याशी जरूर करा, मी तिला तयार आहे.